पाचच्या गाडीची पट्टी

बाबांनी यंदाही डिसेंबर लागताच बोरगावच्या बागेचं पाणी तोडलं. संत्र्याला ताण दिला, असं म्हणतात आमच्याकडे. महिनाभर झाडाला थेंब द्यायचा नाही. झाडं आधी हटून उभी राहतात, मग पानं दुपारची वळायला लागतात, खालची पिवळी पडून गळतात. बाहेरगावचा पाहुणा आला की कळवळतो, अहो, पाणी द्या की त्यांना. बाबा हसतात. "मरत नाही ते. घाबरते. आपन आता वाचत नाही असं वाटलं का सारा जीव फुलात टाकते." आणि खरंच, जानेवारीत पाणी सोडलं की दोन-तीन आठवड्यांत अख्खी बाग पांढरी होते. सौंसरहून नागपूरला जाणारे लोक बसच्या खिडक्या उघडून म्हणतात, वा, काय वास आहे! घाबरलेल्या झाडांचा वास आहे तो, पण त्यांना कोण सांगणार.

मला तो वास हल्ली सोसत नाही. खिडक्या लावून घेते. आई म्हणते, "तुह्यं काहीतरी नवीनच." नवीन नाही, तीन वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एका म्हाताऱ्या माणसाला ताण दिला होता, आणि तो मुद्दाम दिला होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर लाज वाटली म्हणून गोष्ट गोड करून सांगणाऱ्यांतली मी नव्हे.

मी सौंसरच्या एका शाळेत गाणं शिकवते आणि कीबोर्ड वाजवते. माझ्या जिभेला हाड नाही, अशी माझी ख्याती आहे. हेडमास्तरांना तोंडावर बोलले आहे, भाजीवाल्याला बोलले आहे, मला बघायला आलेल्या तीन मुलांना तर त्यांच्या आयांसकट बोलले आहे. तेव्हा आमचा एक बँड होता. इथे बँड म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, वरातीचा घोडा तुमचा का आमचा? तसला नाही, रॉक बँड. निखिल गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याच्या वडिलांचं बसस्टँडजवळ कापडाचं दुकान. ड्रम आणि बेसवर पांढुर्ण्याचे दोघे भाऊ, जे बोलत नसत, फक्त वाजवत. आणि गाणी बसवायचं काम माझं. कुठे काय थांबेल, कुठे काय सुरू होईल, कोण कधी गप्प बसेल, हे सगळं मी ठरवायची. मला त्याची नशा होती. आजही आहे.

त्या वर्षी पांढुर्ण्याच्या मेळ्यात मंच लागणार होता आणि नागपूरचा एक माणूस बँड निवडायला येणार होता. निवडले गेलो तर वर्षभर नागपूर, भोपाळ, पुणे. मी चौतिशीची. शाळेत तेच सरगम, घरी तीच बाग. मला निघायचं होतं इथून. जीव तुटायचा नुसता. निखिल म्हणाला, इंग्रजी गाणी साऱ्या देशातले पोरं वाजवून राहिले, आपण आपलंच काहीतरी घेऊ. आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, पाचची गाडी!

"पोरी, येजो वो पाचच्या गाडीनं." हे गाणं माहीत नाही असा माणूस आमच्या दोन तहसिलीत सापडायचा नाही. रामाकोन्याच्या बाबारावकाकांनी तीसेक वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्याची कॅसेट काढली होती. कॅसिओची टिंगटिंग, डिस्कोचा ठोका, आणि पाचच्या बसनं येणाऱ्या पोरीची वाट बघणारा, जिलबी गार होऊन राहिली म्हणून कावलेला एक गडी. एवढंच. पण ते बसमध्ये वाजलं, पानठेल्यावर वाजलं, कापूस वेचणाऱ्या बायांनी ओळीओळीनं म्हटलं. लग्नात आजही वाजतं. काकांचं तेवढं एकच गाणं चाललं. पुढे ते ऑर्केस्ट्रात, जयंतीत, बारशात गात राहिले आणि पेटी शिकवत राहिले. तिसरीत असताना माझी बोटं पेटीवर त्यांनीच ठेवली. पट्टी म्हणजे काय तेही त्यांनीच शिकवलं. पेटीला पांढरी बटणं आणि काळी बटणं. ज्या बटणावर तुम्ही सा धरता, ती तुमची पट्टी. काळी एक ही काकांची, गड्यामाणसाला खाटेवर पडल्यासारखी आरामाची. तिथून उजवीकडे सरकलं की एकेक घर चढण लागते. "आपलं घर सोडून गाऊ नये पोरी," ते म्हणायचे, "अन् दुसऱ्याले त्याच्या घरातून काढू नये."

गाणं मागायला मी आणि निखिल रामाकोन्याला गेलो. काकांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच कसंतरी झालं. आत ओरडले, "चहा ठेवा वो, पाचची गाडी नेयाले आले!" मग आम्हाला म्हणाले, "न्या. मोडा, तोडा, काही करा. फक्त धृपद मले देजो. एक डाव. त्या गिटारीसंगं मंचावर धृपद म्हनतो अन् खाली उतरतो. मंग मेलो तरी चालते."

"हाव काका, पक्का!" निखिल म्हणाला. मी मान हलवली. सरळ वचन दिलं आम्ही.

मग मी गाणं उघडलं. कॅसिओ काढून टाकला. ठोका निम्म्यावर आणला, इतका की पहिल्या कडव्यात ते गाणं कोणाला ओळखू येईना. वाट बघणाऱ्या माणसाच्या खाली जमीन नाही असं वाटावं म्हणून बेस चार ओळी गप्प ठेवला. गिटार खरखरीत, आणि दुसऱ्या धृपदाला ड्रम असा कोसळायचा की छातीत धडकी भरे. जिलबीचं कडवं मी कापलं. त्या मजेशीर गाण्यात कधीच न येणाऱ्या पोरीची वाट बघणारा एक माणूस लपलेला होता, तो मी बाहेर काढला. चांगलं झालं होतं ते काम. आजही म्हणते, चांगलं झालं होतं. वाईट झालं असतं तर माझं पाप अर्ध्यावर आलं असतं.

प्रॅक्टिस सौंसरबाहेर एका रिकाम्या कापसाच्या गोदामात चालायची. हवेत कापसाची रुई तरंगायची, उन्हात दिसायची. काका पहिल्या दिवशी दुपारच्या बसनं आले. अंगात चमकीचं जाकीट, गळ्यात मफलर, हातात उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी, आमच्यासाठी. त्यांनी धृपद म्हटलं. सूर पक्का होता. पण दोन ओळींच्या मध्ये दोन्ही हात वर करून ते ओरडले, "टाळ्या पाह्यजे वो, टाळ्या!" आणि कमरेतून एक झटका दिला, ऑर्केस्ट्रातला. ड्रमवाला खाली बघायला लागला. माझं ते हृदय पिळणारं, जमीन काढून घेतलेलं गाणं, आणि त्यात हे.

ते गेल्यावर निखिल म्हणाला, "हे नागपूरवाल्यापुढं? हासतीन लोक. तू सांग त्याहिले, तुह्ये गुरू आहेत."

"कबूल तू केलंस. तू सांग."

"मी कसा सांगू बाप्पा?"

असे आठ दिवस गेले. नाही म्हणणं आमच्याकडे फार वाईट दिसतं. स्थळ नको असेल तर पत्रिका जुळत नाही म्हणतात. पाहुणा नको असेल तर आमच्याच घरी सगळे तापानं पडले आहेत म्हणतात. पाहू, सांगतो, करू ना, कायले टेंशन घेता. समोरच्यानं आपणहून समजून उठून जावं, अशी सगळी व्यवस्था करून ठेवलेली असते. मी साऱ्या गावाला तोंडावर बोलणारी बाई, पण ते सगळं मला नको असलेल्या माणसांशी. काकांपुढे माझी ती जीभ कुठे गेली होती? घशात गेली होती.

नवव्या दिवशी मी म्हणाले, "सांगायची गरज नाही. पट्टी चढवू."

ही कल्पना माझी. निखिलची नाही. काळी एकवरून पांढरी तीन. तीन घरं वर. निखिलचा आवाज बारीक आणि उंच, त्याला चाललं असतं. काकांना सांगायला कारणही तयार होतं, गिटारला ती पट्टी सोयीची पडते, आणि ते खोटंही नव्हतं. धृपदात "पाचच्या" या शब्दाला सूर उडी मारतो. ती उडी साठी ओलांडलेल्या माणसाला पांढरी तीनमध्ये मारता येणार नाही, हा माझा हिशोब. दोनदा आवाज फाटेल, ते स्वतःच म्हणतील, तुम्हीच गा. आम्ही म्हणू, अरे काका, असं कसं. झालं. कोणी वाईट नाही.

"पांढरी तीन?" काका म्हणाले. माझ्याकडे बघितलं. "करतो ना मी प्रॅक्टिस."

आणि केली की त्यांनी! चाळीस वर्षांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. लोणचं सोडलं. गालात ज्येष्ठमधाची काडी. त्यांची सून एकदा बाजारात भेटली तर म्हणाली, "सकायपासून विहिरीजवळ उभं राहून कोकलून राहिले बुवा. म्हशी दूध देईनात." मी हसले. काका रोज दुपारी बसमधून उतरायचे, रुईनं खोकायचे, पाणी प्यायचे, उभे राहायचे. पहिल्या दिवशी आवाज फाटला. दुसऱ्या दिवशी फाटला. आम्ही मान खाली घालून वाट बघत होतो. पाचव्या दिवशी निम्मा लागला. आठव्या दिवशी "पाचच्या" वर ते चढले आणि तिथे उभे राहिले. आवाज पातळ झाला होता, थरथरत होता, पण सुरात होता. कधी न बोलणारा ड्रमवाला उठून टाळ्या वाजवायला लागला. त्या दिवशी कमरेचा झटका नाही, हात वर नाहीत. श्वासच उरला नव्हता त्यासाठी. त्या आवाजात तोच माझा वाट बघणारा माणूस होता, जो मला निखिलच्या गळ्यात सापडत नव्हता.

कोणीही शहाणी बाई तिथे थांबली असती. मला राग आला. हा माणूस उठून का जात नाही, याचा राग. मी म्हणाले, "मस्त काका. पण गाणं जरा बसल्यासारखं वाटतंय. अजून एक घर चढवू." निखिलनं चमकून माझ्याकडे बघितलं. काकांनी मफलर परत गळ्याला गुंडाळला. मग म्हणाले, "चढव."

त्या आठवड्यात मी बोरगावला गेले होते. ताण चालू होता, बाग मरगळलेली. बाबा मात्र कुंपणाजवळच्या एका ओळीला बादलीनं पाणी घालत होते. मी विचारलं, हे काय, यांना कसं देता? म्हणाले, "जुने झाडं आहेत हे. म्हाताऱ्या झाडाले ताण देत नसतात. ते घाबरत नाही, सरळ वाळते." मी ऐकलं. समजलंही. भाकरी खाल्ली, बस पकडली आणि प्रॅक्टिसला गेले.

मेळ्याला चार दिवस उरले तेव्हा मी आणखी एक घर चढवून काळी तीनवर नेलं. निखिललासुद्धा तिथे घसा ताणावा लागत होता. काका उभे राहिले, मफलर काढला, सूर घेतला आणि "पाचच्या" वर त्यांचा आवाज तुटला. फाटला नाही, तुटला. ओठ हलत होते आणि काहीच येत नव्हतं. ते पोत्यावर बसले. बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "तुमीच गा. माह्या गळ्यात आता नाही ते."

"अरे काका, असं कसं!" मी म्हणाले. अगदी ठरल्याप्रमाणे. निखिल त्यांच्या पाया पडला. काकांनी खिशातली ज्येष्ठमधाची काडी त्याच्या हातावर ठेवली आणि ते बसला गेले. ते वळणावर दिसेनासे झाले तसे आम्ही समोसे मागवले. मी तीन खाल्ले. भुकेनं नाही, आनंदानं. दोघा भावांनी मात्र हात लावला नाही, आणि मला त्यांचाही राग आला.

मेळ्याच्या दिवशी संध्याकाळी सहाला आम्ही मंचावर. पट्टी काळी तीनच; खाली आणली असती तर कशाला चढवली होती ते काकांना कळलं असतं. मैदान भरलेलं. पुढच्या रांगेत काका, चमकीचं जाकीट घालून. पहिलं कडवं शांततेत गेलं, मग कोणीतरी ओळखलं आणि मैदानभर लाट उठली, पाचची गाडी, पाचची गाडी! मला वाटलं, निघालो आम्ही इथून. दुसऱ्या धृपदाला ड्रम कोसळला आणि निखिलनं माईक लोकांकडे फिरवला. हे मीच बसवलं होतं. इथे सगळं मैदान गाणार होतं.

मैदानानं तोंड उघडलं. "पोरी, येजो वो" इतकं कसंबसं आलं, आणि पुढची उडी कोणालाच मारता येईना. बाया थांबल्या, गडी किंचाळले, पोरं हसायला लागली. काही जण खाली आपल्या नेहमीच्या पट्टीत गेले, ड्रम वर, गिटार वर, आणि त्या सगळ्याचा असा काही कालवा झाला की निखिलनं घाबरून माईक परत तोंडाशी घेतला. तीस वर्षं झोपेतही म्हणणारे लोक आपल्याच गाण्याच्या बाहेर उभे होते. टाळ्या वाजल्या, पण पाहुण्यासाठी वाजवतात तशा. नागपूरवाला म्हणाला, "काम चांगलं आहे तुमचं. पण पब्लिक गात नाही हो." त्यानं बैतूलचा एक बँड घेतला.

मी मंचामागे वायरी गुंडाळत होते. काका आले. मला वाटलं, धीर द्यायला आले.

"माह्यासाठी चढवली तू," ते म्हणाले. "गाव बी बाहेर राह्यलं."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. "तुम्हाला कळलं होतं?"

"पेटी कोनं शिकवली तुले?"

ही आमची अक्कल! ज्या माणसानं मला घर ओळखायला शिकवलं, त्याला त्याच्याच घरातून सरकवताना त्याला पत्ता लागणार नाही, असं मी खरंच धरून चालले होते. मी रडायला लागले. चिडून विचारलं, "मग रोज येत काहून राहिले तुम्ही? खर्रा काहून सोडला?"

"पाह्यत होतो," काका म्हणाले. आवाज बसलेला होता, घोगरा. "चार जनं आहा तुमी. एकाच्या तरी तोंडातून नाही निघते का. तू नाही म्हनली असती तर दोन दिवस रुसलो असतो वो मी. मंग येऊन पुढंच बसलो असतो. आयकलं असतं." मफलर गुंडाळला आणि गेले.

बँड महिन्याभरात संपला. भांडण नाही झालं, फोन कमी होत गेले. निखिल दुकानात बसतो. साडीचं कापड मोजता मोजता मला हात करतो. मी शाळेत तेच सरगम घेते. लोकांना मी तेव्हापासून मऊ वाटते म्हणे. मऊबिऊ काही नाही, मला माझ्या जिभेवर भरवसा उरलेला नाही. नको तिथे चालते आणि हवी तिथे पळून जाते. ताण देणारे बाबा तरी झाडाला पुढे पाणी देतात. मी कधी काकांना साधा फोन केला नाही, तब्येत विचारली नाही. पुढच्या जानेवारीत करू, त्याच्या पुढच्या जानेवारीत करू, असं चाललं. हाही एक नाही म्हणण्याचाच प्रकार, माझ्या गावाचा.

यंदा पांढुर्ण्याच्या मंचासाठी आमच्या जुन्या बँडला पुन्हा विचारणा आली. मी आठ दिवस बसून गाणं नव्यानं बसवलं. काळी एकमध्ये. कॅसिओची टिंगटिंग परत आणली, जिलबीचं कडवं परत घातलं, आणि धृपदापाशी सगळी वाद्यं थांबवली, म्हणजे तिथे एकटा माणूस गाईल आणि मग सगळं मैदान. निखिलला ऐकवलं तर त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, काका नाचतील. काल मी रामाकोन्याला गेले.

काका ओसरीत बसले होते. वाळले आहेत, पण डोळे तेच. मला खुर्ची दिली, चहा सांगितला, बाबांची विचारपूस केली, बागेला पाणी कधी सोडता ते विचारलं. त्यांचा आवाज ठणठणीत होता, आत सुनेला हाक मारली तर मागच्या गल्लीत ऐकू जावी. मला केवढं बरं वाटलं! मग मी एका दमात सगळं सांगितलं. काळी एक. पूर्ण धृपद तुमचं. हात वर करा, टाळ्या मागा, झटका द्या, काय पाहिजे ते करा. मी माफी मागते, काका, मी चुकले, या एकदा मंचावर. फोनवर रेकॉर्ड करून आणलं होतं, तेही लावलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. धृपदाच्या मोकळ्या जागेवर त्यांची बोटं मांडीवर हलली, मी बघितली.

"लय चांगलं केलं पोरी," ते म्हणाले. "अगदी माह्या घरात."

"मग येता ना?"

"नाही," काका म्हणाले.

मी थांबले. पुढे काही येईल म्हणून थांबले; गळा चालत नाही, डॉक्टरनं मना केलं, सून ओरडते, पाहू, सांगतो. काहीच आलं नाही. रागही नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. त्यांनी माझी बशी जरा पुढे सरकवली, चहा गार होऊन राहिला म्हणाले, आणि मी तो संपवेपर्यंत माझ्यासमोर नीट बसून राहिले.